तक्रार नाही

पेण
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय शीतल,

तुझं पत्र सोमवारी हातात पडलं. तू फोन नंबर दिला होतास, पण मला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यानं अर्धंमुर्धं. फोनवर समोरचा एक विचारतो, मी दुसऱ्याचंच उत्तर देते. म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पेणला भाच्याकडे राहते. तो आणि त्याची बायको माझं सगळं नीट करतात. सकाळी त्याच्या धाकटीला शाळेच्या गाडीत बसवते, मग पेपर, मग दुपारची झोप. परतीच्या पावसानं भातं आडवी केली, त्यामुळे यंदा कापणीला माणसं मिळत नाहीत. तुमच्या वाडीतली बरीच जण इकडे मजुरीला आलेली दिसतात.

तू मोतीराम हिलमची मुलगी. लॅबमध्ये नोकरी करतेस हे वाचून बरं वाटलं. मी तुला पाहिलं होतं ते नऊ वर्षांची असताना, आईच्या पदराला धरून अलिबागच्या वॉर्डाबाहेर उभी होतीस.

तू विचारलंयस की क्लोरिनचा गॅस छातीत गेल्यानं अकरा वर्षांनंतर एवढा त्रास होऊ शकतो का. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून तुला हे माझ्याकडून हवं आहे. सांगते. तीस वर्षांत मी अशा चार-पाच केसेस पाहिल्या.

क्लोरिन हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, जमिनीलगत उताराकडे सरकतो. रंग हिरवट पिवळा, वास आपल्या विहिरीत टाकायच्या पावडरीचा, पण शंभर पट. श्वासातून आत गेला की नाकातल्या, घशातल्या, फुफ्फुसातल्या ओलाव्यात मिसळतो आणि तिथल्या तिथे ॲसिड तयार होतं. म्हणजे माणूस आतून भाजतो. श्वासनळ्या आकसतात. नळ्यांच्या टोकाला डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक फुगे असतात, हवा तिथे रक्तात जाते. त्यांच्या भिंती भाजल्या की रक्तातलं पाणी आत झिरपतं आणि हवेची जागा पाणी घेतं.

यातून वाचलेल्या कित्येकांची फुफ्फुसं सुधारतात. काहींच्या आत व्रण राहतात. भाजलेली कातडी आक्रसते तसंच. आता हृदयाचं. हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसांत रक्त ढकलते. फुफ्फुसं ताठर झाली की तिला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं जोर लावून ती फुगते आणि थकते. मग पायावर सूज येते, मानेच्या शिरा फुगतात, दोन पावलं टाकली की धाप लागते. वडिलांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो असं तू लिहिलंयस, ते याचंच लक्षण असू शकतं.

अर्थात बिडीनंही फुफ्फुसं अशीच जातात. दोन्ही असेल तर कशानं किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. वडील पोहायच्या तलावावर कामाला होते त्या रिसॉर्टच्या माणसांनी त्यांना आणलं. आम्ही डोळे धुतले, ऑक्सिजन दिला, वाफ दिली. बरं वाटल्यावर ते घरी गेले. सकाळी तब्येत बिघडली म्हणून परत आणलं आणि मी स्वतः त्यांच्याबरोबर गाडीत बसून अलिबागला गेले. एवढं मला आठवतं. आपला रोह्याचा दवाखाना बंद झाला, डॉक्टरही गेले. जुनी रजिस्टरं कुठे असतील मला माहीत नाही.

तुझ्या आईला, पारीला, मी विचारलं म्हणून सांग. वडिलांना मीठ कमी दे आणि चुलीच्या धुरात बसू देऊ नकोस.

तुझी,
शकू सिस्टर


वरसे, रोहा
१६ नोव्हेंबर २०२५

सिस्टर,

नमस्कार. पत्र मिळालं. गॅसचं तुम्ही इतकं सोपं करून लिहिलंत की मी ते आईला तसंच वाचून दाखवलं. तिला पहिल्यांदाच कळलं की पाय का सुजतात.

बाबांना आता वाडीवरून खाली आणायचं तर दोघांनी धरावं लागतं. अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत, बघणारा सत्तर सांगेल. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं घेतलंय, पण वाडीत लाइट जाते. मुंबईच्या डॉक्टर मॅडमनी छातीचे फोटो बघितले आणि म्हणाल्या, एवढ्या वयात नुसत्या बिडीनं असं दिसत नाही, काही गॅस-बिस लागला होता का? मी सांगितलं, लागला होता, पण किरकोळ. त्या म्हणाल्या, किरकोळ कुणी ठरवलं?

म्हणून मी जुने कागद काढले. आईनं सगळे दुधाच्या पिशवीत बांधून ठेवलेत. सगळ्यात खाली तुमच्या दवाखान्याचं कार्ड आहे. ११ मे २०१४. त्यावर लिहिलंय, "किरकोळ खोकला. बिडीचे व्यसन, १५ वर्षे. तक्रार नाही. घरी सोडले. वेळ ५.४०." त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर, अलिबागच्या आणि मुंबईच्याही, पहिली ओळ तीच आहे. बिडी, १५ वर्षे. पुढच्यानं मागच्याचं बघून लिहिलंय.

सिस्टर, तुम्ही 'ळ' लिहिताना दोन सुटी वर्तुळं काढता आणि मग मध्ये जोडता. तुमच्या पत्रात 'सकाळी' आणि 'डोळे' बघा. मग कार्डावरचं 'किरकोळ' आणि 'वेळ' बघा. मी फोटोकॉपी सोबत ठेवलीय.

आता माझं सांगते. मी आठवीत होते. आश्रमशाळेत तंबाखू-बिडीवर भाषणांची स्पर्धा झाली होती, माझा नंबर आला होता. सुट्टीत घरी आले तर बाबा अंगणात बसून खोकत होते. वाडीतली चार माणसं बसलेली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, बिडी ओढून स्वतःची वाट लावलीस, आता आईला कामाला जुंपलंस. बाबा म्हणाले, "मी नाय ओढत गो. तू झालीस तवाच सोडली." मी आत जाऊन हे कार्ड आणलं आणि त्यांच्यासमोर धरलं. इथं लिहिलंय, म्हटलं. डॉक्टर खोटं लिहितात काय? त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं आणि मला परत दिलं. त्यानंतर ते कधीच नाय म्हणाले नाहीत. मी पण त्यांच्याशी कामापुरतंच बोलत आले. सात वर्षं.

आई सांगायची की त्यांनी बिडी सोडलीय. मला वाटायचं ती त्यांना पाठीशी घालते.

मी लॅबमध्ये आहे, मला थोडं कळतं. मी वाचलं की क्लोरिन लागलेला माणूस वरून बरा दिसला तरी त्याला चोवीस तास नजरेखाली ठेवतात, कारण फुफ्फुसात पाणी नंतर भरतं. तुमच्या पत्रात हे एवढंच नाहीये. बाकी सगळं आहे.

रिसॉर्टची माणसं म्हणजे कोण? बाबांना रात्री का ठेवलं नाही? बिडी कुठून आली?

शीतल


हमरापूर, पेण
३० नोव्हेंबर २०२५

शीतल,

कार्डावरचं अक्षर माझं आहे. सगळं मीच लिहिलं, सही पण माझी.

पत्ता बदललाय, तो लिहून ठेव. मी आता हमरापूरला समीक्षाकडे राहते. समीक्षा आपल्या दवाखान्यात आया होती. तिच्या घरी गणपतीचा कारखाना आहे, माघीचं काम चाललंय. खाली रंगकाम, वर एक खोली मला दिली आहे. का आले ते पुढे येईलच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, रिसॉर्टच्या माणसांनी आणलं. माणसं नव्हती, एकच माणूस होता. तिथला मॅनेजर, जितेश. जितेश माझ्या भावाचा, पुंडलिकचा मुलगा. ज्या भाच्याकडे मी राहते असं तुला लिहिलं, तो हाच. ती नोकरी त्याला माझ्या शब्दावर लागली होती. रिसॉर्टच्या मालकाच्या आईचं आजारपण मी काढलं होतं, त्या ओळखीवर.

आता त्या दिवसाचं क्रमानं लिहिते.

रविवार होता. पावणेचारला रिसॉर्टची जीप मागच्या दाराला लागली. पुढच्या दाराला नाही. जितेश म्हणाला, "आत्या, पंपाच्या खोलीत जरा गॅस लागलाय. बघ. बोभाटा नको, मे महिना आहे, स्विमिंग पूल फुल्ल आहे." तुझे वडील स्वतःच्या पायानं उतरले. डोळे लाल, पाणी वाहत होतं, खोकला थांबत नव्हता. कपड्यांना इतका वास होता की समीक्षाला ठसका लागला. कपडे काढून अंग धुतलं, डोळ्यांत सलाइन सोडलं, ऑक्सिजन लावला, वाफ दिली. तासाभरात खोकला बसला. बोटाच्या मशीनवर ९४ आलं. छातीत थोडी शिट्टी वाजत होती, बाकी काही ऐकू येत नव्हतं.

डॉक्टर पेणला लग्नाला गेले होते. मी फोन केला. तेव्हा मला चांगलं ऐकू यायचं. ते म्हणाले, "चोवीस तास सोडू नका. कितीही बरा दिसला तरी. पाणी मागाहून भरतं. संडासलासुद्धा चालत जाऊ देऊ नका, श्रम झाले की लवकर भरतं. मी सकाळी येतो." मी हो म्हटलं.

खाट रिकामी होती. दोन रिकाम्या होत्या.

जितेश व्हरांड्यात फेऱ्या घालत होता. मी त्याला सांगितलं, ठेवावं लागेल. तो म्हणाला, "ठेवलंस तर केस होईल. केस झाली की पोलीस, पोलीस आले की पूल बंद. मालक मला उभा ठेवेल का? पप्पांचं डायलिसिस माझ्या पगारावर चाललंय आत्या." ते खरं होतं. पुंडलिकला आठवड्याला दोनदा पनवेलला न्यावं लागायचं.

मी खाटेपाशी गेले. वडिलांना विचारलं, बिडी ओढतोस का? ते म्हणाले, "आधी ओढायचो. पोर झाली तवा सोडली." मी विचारलं, किती वर्षं ओढलीस? ते म्हणाले, दोन-तीन वर्षं असेल. मी पंधरा लिहिलं. खोकल्याला कार्डावर कारण हवं होतं आणि गॅस लिहायचा नव्हता. एवढंच डोक्यात होतं. त्याच्या पुढं कुठं कुठं ते जाईल, याचा विचार केला नाही.

कार्ड त्यांच्या हातात दिलं तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, छाती आवळल्यावानी वाटतंय. आजची रात इथंच पडू का?" आणि मी म्हटलं, घरी जा, अंथरुणावर पडलास की बरं वाटेल. माझ्या हातानं त्याच्या आधीच 'तक्रार नाही' लिहून झालं होतं.

जितेशनं त्यांना फाट्यावर सोडलं. जीप वर जात नव्हती असं नाही, त्याला परत जायची घाई होती. फाट्यापासून वाडीपर्यंतची चढण ते एकटे चढून गेले. डॉक्टर संडासलासुद्धा नको म्हणाले होते.

सकाळी सहाला वाडीच्या माणसांनी त्यांना चादरीच्या झोळीतून आणलं. ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस, मशीनवर ६८. नाडी मोजता येत नव्हती इतकी जलद. हवाच मिळत नसताना हृदय धावत होतं. मी अलिबागपर्यंत ऑक्सिजनचा मास्क त्यांच्या तोंडावर धरून बसले. स्वतः बरोबर गेले हे मी तुला पहिल्या पत्रात मोठ्या ऐटीनं लिहिलं. ते खरं आहे. पण त्या गाडीत बसायच्या आधी डॉक्टर आले होते आणि त्यांनी विचारलं, काल सोडलं कुणी? मी म्हटलं, पेशंट ऐकेना, स्वतःच्या मर्जीनं गेला. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. अठरा वर्षं मी त्यांच्याकडे होते. पुढे मुंबईला बावीस दिवस तुझे वडील श्वासाच्या नळीवर होते, तेव्हा डॉक्टर मला म्हणायचे, "ह्या लोकांना कितीही सांगा, ऐकत नाहीत." मी मान हलवायचे.

तुझं दुसरं पत्र मी जेवताना जितेशपुढे ठेवलं. त्याची बायको सुरभी भाकरी वाढत होती. त्यानं वाचलं, पाणी प्याला. म्हणाला, "अकरा वर्षं झाली आत्या. आता कोण विचारतंय?"

"त्याची मुलगी विचारते."

"काय सांगणार आहेस तिला?"

"जे झालं ते."

त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग बोलला ते मलाही माहीत नव्हतं, तेव्हा तसंच्या तसं तुला देते. तो म्हणाला, सिलिंडर बदलताना नळीचा सांधा सुटला. मोतीराम बाहेर पळत आला, पायऱ्यांवर पोचला. पंपाच्या खोलीचं दार पुलाच्या बाजूला उघडतं आणि पूल खाली आहे. गॅस पायऱ्या उतरायला लागला होता. पाण्यात पन्नासेक माणसं, निम्मी लहान मुलं. मोतीरामनं एकदा खाली बघितलं, टॉवेल पाण्यात बुडवून तोंडाला बांधला आणि परत आत गेला. चावी घट्ट बसली होती. ती फिरवून सिलिंडर बंद करायला त्याला चार-पाच मिनिटं लागली. बाहेर आला तो रांगत.

मी विचारलं, "तू कुठे होतास?"

"गच्चीवर. सगळं दिसत होतं." मग म्हणाला, "मी माइकवरून सांगितलं, पंप बिघडलाय, सगळ्यांनी बाहेर या. कुणाला काही झालं नाही. एकाला साधी उलटीसुद्धा नाही."

सुरभीनं परात खाली ठेवली. "लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं नाही," एवढंच ती बोलली.

नंतर जितेशनं मला खूप समजावलं. डोलवीच्या कंपनीत त्याच्या चार गाड्या भाड्यानं लागल्या आहेत, नाव खराब होईल. दोन मुली आहेत. पुंडलिक गेला, मागे मीच एक वडीलधारी. तो वाईट बोलला नाही, घर सोड असंही म्हणाला नाही. शेवटी म्हणाला, "पत्र टाकणार असशील तर मला सांगू नकोस, गुपचूप टाक." हे मला जमण्यासारखं होतं. एकदा जमवलंही होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली आणि समीक्षाला निरोप धाडला. रिक्षापर्यंत बॅग सुरभीनं आणली.

सोबत वेगळ्या कागदावर माझा जबाब आहे. पूर्ण नाव, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर, तारीख, सही. कार्डावरची बिडीची नोंद मी खोटी केली आणि डॉक्टरांचा सल्ला डावलून रुग्णाला घरी पाठवलं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. साक्षीला समीक्षाची सही आहे, ती त्या दिवशी खोलीत होती. हा कागद मुंबईच्या डॉक्टरांना दे. आणखी कुठे द्यायचा असेल तर दे. मला बोलावतील तिथे मी येईन. जितेशला मी तसं कळवलं आहे.

डॉक्टरांना एक आवर्जून सांग, वडिलांना बिडीचा रुग्ण समजून जी औषधं चालू आहेत ती पुन्हा तपासा म्हणावं. गॅसनं भाजलेल्या नळ्या दम्यासारख्या वागतात, तिथे फवाऱ्याचं औषध वेगळं लागू शकतं. आणि उजव्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

वाडीवर येऊन वडिलांसमोर उभं राहायची माझी इच्छा आहे. ते येऊ देतील तरच. माफीचं पत्रात लिहीत नाही. त्यांना वाचता येत नाही आणि ती तुझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत जाऊ नये.

शकुंतला महिपती म्हात्रे


वरसे, रोहा
११ जानेवारी २०२६

सिस्टर,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम नाही. मधे दोन वेळा मुंबई झाली.

तुमचं पत्र मिळालं त्या रविवारी मी वाडीवर गेले आणि बाबांना सगळं वाचून दाखवलं. वाचायच्या आधी मनात आलं होतं, काही गाळावं. पण गाळलं नाही. आई चुलीपाशी होती, ती उठून दारात येऊन बसली. बाबा मशीनची नळी नाकात घालून भिंतीला टेकून ऐकत होते. 'कुणाला काही झालं नाही, एकाला साधी उलटीसुद्धा नाही' या ओळीवर त्यांनी हात वर केला. म्हणाले, "त्ये परत वाच." मी वाचलं. "आजून एकदा." मी तीन वेळा वाचलं. अकरा वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आई म्हणाली, सुरुवातीला ते झोपेत विचारायचे, पोरा निघाली का भायेर? तिला वाटायचं तापात बरळतायत. पोरा म्हणजे कोण हेच तिला माहीत नव्हतं.

पत्र संपल्यावर मी म्हटलं, बाबा, माझं चुकलं. ते म्हणाले, "मी सांगत व्हतो, तू वाचत व्हतीस." रागानं नाही म्हणाले. चहाला साखर कमी आहे असं सांगावं तसं म्हणाले. मला त्यानंतर तिथे बसवेना. मी मागे बांधावर जाऊन थोडा वेळ उभी राहिले. आई आली, पाठीवर हात ठेवला. वालाला शेंगा धरल्यात, त्यातल्या चार तोडून माझ्या ओंजळीत दिल्या, आणि आम्ही आत आलो.

मुंबईला डॉक्टर मॅडमनी तुमचा जबाब वाचला आणि फाइलला लावला. हृदयाची सोनोग्राफी झाली. उजवी बाजू मोठी झालीय, फुफ्फुसाकडच्या नळीत दाब जास्त आहे. तुम्ही म्हणालात तसा फवारा बदलला आणि पाणी उतरायची गोळी वाढवली. पायाची सूज बरीच उतरली. मी विचारलं, फुफ्फुसं परत पहिल्यासारखी होतील का? मॅडम म्हणाल्या, नाही. जे व्रण झाले ते राहणार. पण आहे त्यात त्रास कमी करता येईल, आणि हे दहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर आजचं हृदय इतकं थकलं नसतं. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्ही मला सरळ लिहिलंत, मी पण सरळ लिहिते.

जबाब पुढे कुठे द्यायचा का, हे मी बाबांना विचारलं. ते म्हणाले विचार करतो. त्यांना विचार करू दे. मी घाई करणार नाही.

तुम्ही वाडीवर येण्याबद्दलही विचारलं. बाबा म्हणाले, "आत्ता नको." तेवढंच म्हणाले. मी ते तसंच कळवतेय, त्यात माझं काही घालत नाही.

आता एक शेवटचं. नव्या फाइलसाठी मॅडमना सगळी माहिती पहिल्यापासून हवी होती. मी सवयीनं सांगायला लागले, जन्म, गाव, आजार कधीपासून. मॅडमनी मला थांबवलं आणि बाबांकडे खुर्ची वळवली. म्हणाल्या, काका, तुम्ही सांगा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं. पंपाची खोली, सांधा, पायऱ्या, टॉवेल, चावी. एका वाक्याला दोनदा थांबत, दम घेत. पाऊण तास लागला. बाहेर रांग होती, मॅडमनी कुणाला आत घेतलं नाही. बिडीचं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तीन वर्सं. पोर झाली तवा सोडली." त्यांनी तेवढंच लिहिलं.

लिहून झाल्यावर त्यांनी सगळं बाबांना वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे? बाबा म्हणाले, "व्हय." फाइलच्या पहिल्या पानावर खाली एक रकाना असतो, माहिती कोणी दिली असा. तिथे मॅडमनी लिहिलं, रुग्णाने स्वतः.

मोतीराम हिलम यांची मुलगी,
शीतल